भिंत अजून तयार नाय

शहापूरच्या प्राथमिक शाळेत माझी बदली झाली आणि मी भाड्याने खोली बघायला गेले, तेव्हा घरमालक तोंडात पाणी धरून उभे होते. मी नमस्कार केला. त्यांनी हातानेच ‘थांबा’ केलं, खोलीच्या भिंतीवर तोंडातल्या पाण्याचा फवारा मारला, भिंतीला कान लावला आणि डोळे मिटले. त्यांची बायको शेजारीच सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिने मानही वर केली नाही. त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं की हा प्रकार रोजचा आहे.

“पिते,” ते डोळे उघडून म्हणाले. “चांगली पिते. घ्या खोली.”

माणूस सरकलेला आहे, हे मी तिथेच ठरवून टाकलं. पण दुसरी खोली तानशाच्या रस्त्याला, पार गावाबाहेर होती आणि तिच्या मालकिणीने ‘एकटी बाई’ हे दोन शब्द अशा काही आवाजात उच्चारले होते की त्यापेक्षा भिंतीवर चुळा टाकणारा माणूस मला परवडला.

सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं. मूळचे शेणव्याचे. ऐन जवानीत मुंबईला गेले, तिथे हॉटेलांच्या भटारखान्यांना, इस्पितळांना आणि शेठलोकांच्या न्हाणीघरांना पांढऱ्या चकचकीत लाद्या लावण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा शहापूरच्या घरी कायमचे येऊन राहिले. आमच्या भागात तेव्हा भिंतीला लादी लावणं हे नवलच होतं. लोक तिला ‘कपबशीची लादी’ म्हणत, कारण तसली चकाकी त्यांनी फक्त कपबशीवर पाहिलेली. मिस्त्रींना स्वतःला मात्र लादीचं काडीचं कौतुक नव्हतं. “लादी काय, कोनीबी लावल,” ते म्हणायचे. “भिंत तयार कराला अक्कल लागते.”

ही अक्कल म्हणजे अस्तर. सिमेंट पाण्यात कालवून लादीच्या आधी भिंतीला त्याचा हात फिरवायचा, त्याला ते अस्तर म्हणत. ते कधी द्यायचं यावर ते जेवढं बोलत, तेवढं आमचे हेडमास्तर शिस्तीवरसुद्धा बोलत नसत. विटेची भिंत तहानलेली असते. तिला आदल्या दिवशी पोटभर पाणी पाजायचं, वरची ओल टिपू द्यायची, मग अस्तर, आणि अस्तर ओलं आहे तोवरच लादी. तहानलेल्या विटेला तसंच भिडलात तर ती सिमेंटच्या मालातलं सगळं पाणी पिऊन टाकते आणि लादी सुटते. काळा दगड पाणी पीत नाही. त्याला छिन्नीने टाचे मारून अंग खरबरीत करायचं, अस्तर आदल्या दिवशी द्यायचं, आणि ते धरलंय की नाही हे बघून मगच पुढे सरकायचं. चुन्याच्या जुन्या गिलाव्याला लाडीगोडी फार. सुटलेलं तेवढं झाडायचं, पाणी थोडंथोडं दाखवायचं, फुगला तर वाट बघायची. आणि ऑइलपेंट? ऑइलपेंटचं नाव काढलं की मिस्त्री अंगणात जाऊन थुंकून येत. “त्याच्यावर कायबी चिकटत नाय. तासून काडाचा. हाडापरेंत.”

माणसांनाही ते ह्याच खात्यांत बसवत. आमचे हेडमास्तर एकदा माझ्याकडे काही कामासाठी आले, ओसरीवर बसून गोड गोड बोलले आणि गेले. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मिस्त्री बघत होते. मग माझ्याकडे झुकून म्हणाले, “ऑइलपेंट.” त्यानंतर शाळेतल्या एकाही सभेत मला गंभीर चेहरा ठेवून बसता आलं नाही. एकदा न राहवून मी विचारलं, “आणि मी?” त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “तुमी काळा दगड, बाई. टाचे मारल्याबिगर तुमाला काय सांगताच येत नाय.” मी रागाने त्यांच्याशी बोलणं टाकलं, म्हणजे त्यांचंच म्हणणं खरं करून दिलं.

स्वतः मात्र ते कुणालाही अस्तर दिल्याशिवाय मुद्द्यावर येत नसत. माझं वर्तमानपत्र हवं असलं तर आधी तानशाचं पाणी किती चढलं ते, मग उंबरमाळीच्या रानात कुणाला तरी दिसलेला बिबट्या, मग माझ्या आईच्या सांधेदुखीची चौकशी, आणि एवढं सगळं मुरलं असं वाटलं की, “बाई, तो पेपर वाचून झाला असल तर…” तोवर तो पेपर बहुधा कालचा झालेला असे.

गिऱ्हाइकं त्यांच्या नावाने बोटं मोडत आणि परत त्यांनाच बोलावत. बाजारातल्या एका भातगिरणीवाल्याने हौसेने न्हाणीघर काढलं. मिस्त्रींनी पहिल्या दिवशी भिंतींना पाणी पाजलं आणि बिडी ओढत बसले. दुसऱ्या दिवशी भिंतींकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने, “मिस्त्री, आज तरी?” असं विचारल्यावर त्याला ओठांवर बोट ठेवून बाहेर जायला सांगितलं. एवढ्या मोठ्या गिरणीचा मालक, पण टॉवेल गुंडाळून सार्वजनिक विहिरीवर आंघोळ करायचा, आणि पाणी भरायला आलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. पण त्या न्हाणीघरातली एक लादी हलली असेल तर शपथ. मिस्त्रींनी लावलेली लादी पडली असं शहापूर तालुक्यात कुणी म्हणू शकत नव्हतं, आणि हे मिस्त्रींना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या चालण्यातच ते दिसायचं.

दुसऱ्याने लावलेली लादी दिसली की मात्र त्यांच्या बोटांना चैन नसे. वाजवून बघायचेच. एकदा त्यांना खोकला झाला, ताप भरला, म्हणून त्यांच्या बायकोने, काकूने, आणि मी त्यांना धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नुकत्याच तपासायच्या खोलीला अर्ध्या भिंतीपर्यंत लाद्या लावून घेतल्या होत्या. मिस्त्रींना उघडं करून भिंतीकडे तोंड करून बसवलं. डॉक्टर मागून त्यांची पाठ बोटांनी ठोकून बघू लागले, तर पुढे मिस्त्री भिंत ठोकून बघू लागले. टकटक मागे, टकटक पुढे. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला.

“इथं पोकळ हाय,” मिस्त्री म्हणाले.

“तुम्हाला कसं कळलं?” डॉक्टर दचकले. “दुखतंय का तिथे?”

“दुखल कशाला? पावसाल्यात पडल.”

काकूने कपाळाला हात लावला. “भिंतीचं बोलतात, डाक्तरसाब. तुमी सुई द्या.”

काकू म्हणजे शांत, कामसू बाई. दिवसभरात मोजकं बोलायची, आणि ते बोलणं असं असे की त्यावर दुसऱ्याला बोलायला काही उरत नसे. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, आणि ती आमच्याच घराच्या मागच्या पडवीत अडून बसली होती.

ती म्हणजे मोरी. तालुक्यातल्या ऐपतदारांच्या न्हाण्या पांढऱ्याशुभ्र करणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या मोरीत एक लादी नव्हती. खाली कोबा, दाराला गोणपाट, आणि तीन बाजूंना तीन भिंती. मागची काळ्या दगडाची, डावीकडची नव्या विटेची, आणि उजवीकडची चुन्याच्या जुन्या गिलाव्याची, जिच्यावर मिस्त्रींनीच लग्नानंतर नव्या नवरीला खूश करायला मुंबईहून आणलेला उरलासुरला हिरवा ऑइलपेंट फासला होता. “ते पाप माझंच,” ते कबूल करत. लाद्या कधीच आणून ठेवल्या होत्या, खाटेखाली, गवतात गुंडाळून. दर दिवाळीला काकू त्या बाहेर काढायची, चिंचेने धुवायची, पुसायची आणि परत गवतात ठेवायची.

अडचण अशी होती की तीन भिंती एका वेळी तयार होत नसत. विटेला लादीच्या तोंडावर अस्तर हवं, दगडाला आदल्या दिवशी. विटेला पाणी पाजावं तर ते उडून चुना फुगे. चुना सुकेपर्यंत थांबावं तर वीट पुन्हा तहानलेली. मिस्त्री दर रविवारी दगडाला थोडे टाचे मारत, उरलेल्या दोन्ही भिंतींवर चूळ टाकत, ऐकत आणि मान हलवत. “भिंत अजून तयार नाय.” मी त्याच मोरीत आंघोळ करत होते, तेव्हा मलाही बोलायचा हक्क होता. मी म्हटलं, “काका, एकेक भिंत करा की.” मी जणू त्यांना अर्धी मिशी काढायला सांगितली होती. “आनि कोपऱ्यात रेघ जुळली नाय तर? तिन्ही येका टायमाला उठल्या पाहिजेत, बाई.”

काकूने मला एकदा सांगितलं होतं. लग्न नवं होतं तेव्हा मिस्त्रींनी तिला मुंबईला नेलं होतं आणि काम चालू असलेलं कुठल्याशा शेठचं न्हाणीघर दाखवलं होतं. “मी भिंतीला गाल लावला,” ती म्हणाली. “असं गार, बाई. मी यांना म्हनलं, मला असं पायजे. हे म्हनले, देतो.” एवढंच सांगून ती उठली आणि भाकऱ्या थापायला गेली.

पुढे उन्हाळा सरता सरता काकूच्या भाचीचं लग्न निघालं, मुरबाडला. काकूच्या भावाने तिथे नवीन घर बांधलं होतं. लग्नाला दोघं गेली आणि मिस्त्री एकटेच परत आले.

“काकू?”

“ऱ्हायली.” ते ओसरीवर बसले. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग हळूहळू बाहेर आलं. भावाच्या नव्या न्हाणीला लाद्या होत्या, शुभ्र, कोपऱ्यात रेघेला रेघ जुळलेल्या, आणि त्या मिस्त्रींनी उन्हाळ्याच्या सुरुवातीला जाऊन लावून दिल्या होत्या. घरी चकार शब्द काढला नव्हता. हळदीच्या दिवशी काकू पाय धुवायला आत गेली. बाहेर आली तेव्हा कुणाशी बोलली नाही. परत निघायची वेळ झाली तेव्हा नवऱ्याला म्हणाली, “तिन्ही भिंती तयार झाल्या की सांगावा धाडा.”

“तिथं सगळ्या भिंती विटेच्या हायेत, बाई,” मिस्त्री मला काकुळतीने समजावू लागले. “नव्या. पाजल्या, लावल्या. त्यात काय हाय?”

“हे काकूंना सांगितलंत का?”

“सांगलं ना.”

“मग?”

“मग ती जास्तच गप झाली.”

मी त्यांना जेवायला वाढलं नाही. शाळेतून मी दमून यायची, आणि शिवाय मी काकूच्या बाजूची होते. ते स्वतःच भाकरी थापत. ती तव्याला चिकटली की तव्याला शिव्या देत. बाजारात कुणी विचारलं, तर “भावाकडं गेलीय, येईल,” म्हणत. मोरीत मात्र जोरात काम सुरू झालं होतं. ऑइलपेंट तासायला घेतला, विटेला पाणी पाजलं, चुना फुगला, थांबले, वीट सुकली, पुन्हा पाजली. एके सकाळी मी डबा भरत होते तेव्हा ते विटेच्या भिंतीला कान लावून उभे होते. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“काय नाय म्हनत.” त्यांनी कान काढला नाही. “घरात कोन बोलतच नाय, बाई.”

तेव्हा मात्र मला त्यांचं वाईट वाटलं. फार वाटलं. मी म्हटलं, रविवारी मुरबाडला जाऊ, मी येते बरोबर.

काकूच्या भावाने आमचं स्वागत केलं, चहा ठेवला आणि शहाणा माणूस असल्यामुळे गोठ्याकडे निघून गेला. काकू दाराच्या उंबऱ्याशी बसली. मिस्त्रींनी घसा साफ केला.

“भात बरा दिसतो यंदा हितं,” ते म्हणाले. “आमच्याकडं खोडकिडा पडलाय. तानसा भरलाय म्हनतात. आनि ती म्हस हाय ना शेजारची, ती—”

“अवो,” काकू म्हणाली. “मला अस्तर देऊ नका. कवा, ते सांगा.”

मिस्त्री गडबडले. “चुना जरा फुगलाय. तो बसला की मग विटंला—”

“भिंत तयार हुईल तुमची,” काकू म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “कवातरी हुईल. तवर मी नाय राहनार. मी म्हातारी झाले, अवो.”

ती उठून आत गेली. चहा तसाच राहिला.

परतीच्या एस्टीत सरळगाव गेलं, किन्हवली आली. मग मिस्त्री खिडकीबाहेर बघतच म्हणाले, “थकलीय का वो ती?”

“थकल्यात,” मी म्हटलं.

“मला कवा दिसलंच नाय.”

घरी पोचल्यावर त्यांनी सदरा काढला, खाटेखालच्या लाद्या ओढल्या आणि थेट मोरीत गेले. मला वाटलं, आता पाण्याचा फवारा येईल. आला नाही. मी डोकावले तर ते कोरड्याठाक विटेवर माल थापून लादी बसवत होते. लाद्यासुद्धा भिजवल्या नव्हत्या. उजवीकडच्या भिंतीवरचा ऑइलपेंट जेमतेम अर्धा तासलेला होता, त्यावरही मालाचा गोळा तसाच मारत होते. पुजाऱ्याने पायातल्या वहाणांसकट गाभाऱ्यात जावं तसं मला ते दिसलं.

“काका, पाणी?”

“नाय.”

“निदान अस्तर?”

“बाई,” ते थापी न थांबवता म्हणाले, “ह्या पडनार हायेत. मला म्हाईत हाय. तुमी नका सांगू.”

“मग लावता कशाला?”

“ती येऊन बगू दे आदी. मग पडल्या तर पडल्या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा तिन्ही भिंती पांढऱ्या होत्या. मिस्त्री ओसरीवर बसले होते, आणि एस्टीच्या कंडक्टरबरोबर सांगावा गेला होता.

काकू आली. तिने पिशवी ओसरीवर ठेवली, मोरीपाशी गेली, गोणपाट बाजूला केलं आणि बघत राहिली. मिस्त्री तिच्या मागे उभे होते आणि तिच्याकडे न बघता लाद्यांकडे बघत होते, एकेका लादीला नजरेने धरून ठेवल्यासारखे. काकू एवढंच म्हणाली, “उद्या न्हाते.”

सकाळी तिने बंब पेटवला, बादली भरली आणि आत गेली. मी आणि मिस्त्री पडवीत. पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला. मग आणखी एक. मग काहीतरी खळ्ळकन फुटलं.

“विटंची,” मिस्त्री म्हणाले आणि मटकन खाली बसले.

थोड्या वेळाने आणखी एक.

“विटंचीच.”

मग घसरत घसरत एक मोठा आवाज झाला, भांड्यांची मांडणी कोसळावी तसा. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. “ऑइलपेंट,” ते पुटपुटले.

आत सगळं शांत झालं. मी धावत गोणपाटाशी गेले. “काकू! लागलं का कुठे?”

आतून हसू आलं. ह्या बाईला मी तोवर कधी मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. दम लागेपर्यंत हसत होती. “नाय गो बाई, नाय लागलं,” कसंबसं म्हणाली. “बोलावल्यावानी येकेक येतात खाली.”

“तू भाईर ये,” मिस्त्री उभे राहून ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही. “मी सगळ्या काडतो आनि नीट लावतो. आता टाइम हाय मला. पानी पाजून, अस्तर देऊन—”

“हात लावाचा नाय,” आतून आवाज आला. “मुरबाडची गाडी रोज सुटते.”

मग तांब्यावर तांब्या पडल्याचे आवाज येत राहिले. अधूनमधून एखादी लादी पडायची, आणि काकूचं हसू.

मोरी तशीच राहिली. रविवार-रविवार टाचे मारलेली मागची भिंत तेवढी धड होती. उरलेल्या दोन भिंतींवर कुठे लादी, कुठे वीट, कुठे हिरवा रंग, अशी अवस्था. मिस्त्री तिथे मान वर करून आंघोळ करत नसत. काकू मात्र राहिलेल्या लाद्या रोज पुसायची.

भात झोडून झाल्यावर काकूचा भाऊ नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन आला. धुळीने भरलेले पाय धुवायला मोरीत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो पाय पुसायचं विसरून. त्याच्या स्वतःच्या घरच्या लाद्या अजून आरशासारख्या होत्या.

“भावजी,” तो म्हणाला, “हे कोनाचं काम?”

मिस्त्री आढ्याकडे बघू लागले. “बाहेरचा व्हता येक,” ते म्हणाले. “पळून गेला.”

भिंतीच्या बाबतीत मिस्त्री खोटं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. काकू कपबशा घेऊन बाहेर आली. भावापुढे बशी ठेवली आणि ताठ उभी राहिली.

“पळून कशाला जाईल?” ती म्हणाली. “हितंच हाय. आमच्या मालकांनी लावल्यात.”

भावाने मिस्त्रींकडे बघितलं, मोरीकडे बघितलं, पुन्हा मिस्त्रींकडे बघितलं. “तुमी? पानी नाय पाजलं? अस्तर नाय?”

मिस्त्रींनी बशीत चहा ओतला. फुंकर घातली. मग एकदा काकूकडे बघितलं.

“नाय,” ते म्हणाले. “मला घाई व्हती.”